पत्रकातली चांदणी आणि नाथाची काठी

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं नेटवर्किंगचं दुकान होतं, तेव्हा टेबलाच्या खणात मी कायम एक भिंग ठेवत असे. गिऱ्हाइकांना वाटायचं, ते बारीक वायरी जोडायला आहे. वायरी मी नुसत्या डोळ्यांनी जोडायचो. भिंग होतं कंपन्यांची माहितीपत्रकं वाचायला. गुळगुळीत कागद, कोट घातलेली हसरी माणसं, मोठ्या ठळक अक्षरांत दावा, आणि त्या दाव्याच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी. पानाच्या अगदी तळाशी तशीच दुसरी चांदणी आणि तिच्यापुढं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत खुलासा. वरचा दावा कंपनीनं लिहिलेला असायचा, खालचा खुलासा कंपनीच्या वकिलानं. मी नेहमी वकिलापासून वाचायला सुरुवात करायचो.

हा धंदा म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले की झालं नेटवर्क. ते वायरीनं बोलतील नाहीतर हवेतून बोलतील. मध्ये एक डबा लागतो, तो याचं त्याला आणि त्याचं याला पोचवतो. वायर ओढणं, तिच्या टोकाला ते चौकोनी टोपण बसवणं, डबा लावणं आणि बंद पडलं की धावत जाणं, एवढंच माझं काम. रांजणगावचे कारखाने आले तसं कारेगावात आमच्या धंद्याला बरकत आली. मग तळेगाव ढमढेरे, खाली दौंड, यवत, कासुर्डी, सगळीकडं माझी मोटरसायकल पळायला लागली. पाठीवरच्या पिशवीत वायर, पकड आणि भिंग.

आमच्या भागात माल खपवायला पुण्याहून पराग यायचा. एका मोठ्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी. पोरगा देखणा, बोलायला मिठ्ठास, आणि भर उन्हात टाय. त्याचा माल वाईट नव्हता हो, हे आधी कबूल करतो. पण चांगल्या मालाला नुसतं चांगलं म्हणणं त्याच्या शिकवणीत बसत नव्हतं. डबा कधी 'स्वतःची दुखापत स्वतः बरी करणारा' असायचा, कधी 'पुढच्या पिढीचा'. मी म्हणायचो, "परागशेठ, पुढच्या पिढीचा पुढच्या पिढीला विका. मला आजच्या गिऱ्हाइकाचं बघायचंय."

माझी एक पद्धत होती. ती मी वडिलांकडून उचलली. आम्ही मूळचे मेंढरंवाले. वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली आणि बाजारात बैल घ्यायला गेले, तेव्हा विकणारा म्हणाला, "पाव्हणं, वाघ हाय वाघ." वडील म्हणाले, "वाघ नगं, बैल हाय का त्ये दावा. औताला जुंपून बघू." मीही परागचा प्रत्येक डबा आधी आठवडाभर औताला जुंपायचो. चालला तर गिऱ्हाइकाकडं, नाही तर परागकडं परत. पराग वैतागायचा, पण माझ्याकडनं गेलेला माल तक्रार घेऊन परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या एका भाजीच्या अडत्याला तो माझ्यादेखत एक डबा विकत होता. "आयुष्यभराची वॉरंटी," पराग म्हणाला. अडत्यानं पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारला आणि विचारलं, "आयुष्य कुनाचं? माजं का डबड्याचं?" पराग हसला. मी भिंग काढून तळाची चांदणी वाचली. आयुष्य म्हणजे ते मॉडेल कंपनी जोवर बनवेल तोवर. अडत्या म्हणाला, "म्हंजी त्येनी उद्या बंद केलं तर ह्ये उद्याच मेलं. आमच्या कोथमिरीला तरी दोन दिस मिळत्यात." तरी त्यानं डबा घेतला, कारण त्याला परागचं बोलणं आवडलं. गिऱ्हाइकाचं मन हा आणखी एक न उलगडणारा विषय आहे.

दौंडचा किस्सा तर मी अजून लग्नाकार्यात सांगतो. रेल्वेच्या रुळांना लागून एक छापखाना होता. मालकांची तक्रार अशी, की मालगाडी गेली की नेटवर्क जातं. कोळशाची लांबलचक गाडी असेल तर हमखास. पराग माझ्यासोबत आला, खिडकीतून गाडी बघितली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "इलेक्ट्रिक इंजिनाच्या चुंबकीय लहरींचा परिणाम आहे. आमची खास कवच असलेली वायर घ्यावी लागेल." मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्याकडं अजून डिझेलच पळतंय." मी टेबलाखाली शिरलो. डबा एका कलत्या फळीवर ठेवला होता. गाडी आली की जमीन थरथरायची, फळी थरथरायची आणि सैल बसलेलं एक टोपण हळूच बाहेर यायचं. मी टोपण बदललं, फळीखाली पुठ्ठ्याची घडी सारली. पुढच्या मालगाडीची आम्ही तिघं अशी वाट बघत होतो, जशी पोराला न्यायला आलेले लोक फलाटावर बघतात. गाडी धडधडत गेली, दिवे लुकलुकत राहिले. त्या दिवशी छापखान्यात भेळ आली आणि परागनंही टाय खांद्यावर टाकून ती खाल्ली.

पण ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसलो, तो दिवस कासुर्डीजवळच्या एका वस्तीवरचा. आजही आठवला की अंगावर काटा येतो, आणि तो काटा आनंदाचा असतो.

कासुर्डी सोलापूर रस्त्यावर. तिथून आत, ओढ्याच्या काठी खोलगट जागेत ती वस्ती. पंचवीस-तीस घरं, मध्ये भैरवनाथाचं देऊळ. तिथल्या मुलाण्यांची शमीम दौंडला शिकून परत आली आणि वडिलांच्या पडवीत तिनं कॉम्प्युटरचा क्लास काढला. जुने कॉम्प्युटर, पत्र्याचं छप्पर आणि शिकायला येणाऱ्या झाडून साऱ्या पोरी आणि सुना. त्या काळात कॉम्प्युटरची एक परीक्षा होती. तिच्या प्रमाणपत्राशिवाय साध्या कारकुनाच्या जागेलाही अर्ज चालत नसे. परीक्षा इंटरनेटवरूनच व्हायची, आणि त्यासाठी दौंडला जावं लागायचं. या पोरींना घरची माणसं एकट्यानं दौंडला पाठवत नव्हती. म्हणून शमीमताईनं धरलं, की केंद्रच वस्तीवर आणायचं.

मंजुरीची अट एकच होती. पहिली परीक्षा पुण्याहून आलेल्या तपासणीस साहेबांच्या देखत घ्यायची. तीन तासांत लाइन सलग पाच मिनिटं गेली, की परीक्षा रद्द आणि केंद्रही रद्द. पुन्हा अर्ज करायला वर्ष थांबायचं. ताई मला म्हणाली, "दत्ताभाऊ, वर्षभरात यातल्या निम्म्या पोरींची लग्नं होऊन जातील. मग केंद्र आलं काय आणि नाही आलं काय."

वस्तीवर फोनची तार होती, पण जोराचा वारा आला की ती खांबासकट झोपायची. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, ते हमरस्त्यावर कासुर्डीच्या सायबर कॅफेपर्यंत. तिथून वस्तीपर्यंत हवेतून न्यायचं ठरलं. कॅफेच्या छपरावर एक अँटेना, ताईच्या पत्र्यावर एक. जेवणाच्या ताटाएवढी पांढरी पाटी, बस. परागनं पत्रक आणलं. 'पाच किलोमीटर, अखंड.' चांदणी होतीच. भिंगाखाली लिहिलं होतं, 'मध्ये अडथळा नसल्यास.' मी पत्र्यावर उभा राहिलो. समोर कॅफेचं छप्पर लख्ख दिसत होतं. मध्ये वस्तीवरच्या आबांचं रान, तेवढं जरा उंचावर, त्यात उसाची नवी लागण. कोंब गुडघ्यालाही लागत नव्हते. आठवडाभर औताला जुंपून बघितलं. पाण्यासारखं चाललं. ताईनं सगळ्यांना गुळाचा चहा पाजला.

आता वाचणाऱ्या शेतकऱ्याला पुढचं कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. मी मेंढरंवाल्याचा पोरगा, ताई वस्तीवरची, आणि आबांनी तर स्वतःच्या हातानं ऊस लावलेला. ऊस वाढतो हे आम्हा तिघांनाही जन्मापासून ठाऊक होतं. पण पत्र्यावर उभं राहून तिघंही त्या इवल्या कोंबांकडं बघून म्हणालो, अडथळा काही नाही. अडथळा म्हणजे भिंत, झाड, टेकडी. पीक म्हणजे अडथळा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पावसाळ्यात सिग्नलच्या पाचातल्या तीन रेघा राहिल्या. गणपतीत दोन, तरी काम भागत होतं. दसरा झाला आणि ऊस दोन पुरुष उंच उभा राहिला, पानं पाण्यानं भरलेली. हवेतून जाणाऱ्या लहरींचं पाण्याशी वाकडं आहे. पानापानात पाणी म्हणजे मध्ये हिरवी भिंतच. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. एकही रेघ नव्हती.

मी परागला गाठलं आणि दोघं वस्तीवर पोचलो. त्यानं आल्या आल्या बॅगेतून बूस्टर काढला. "हा भिंत, झाड, काहीही भेदतो." बूस्टर लावला. त्याचा हिरवा दिवा झकास लागला. रेघ एकही आली नाही. परागनं बूस्टर काढून पुसला, पुन्हा लावला. दिवा पुन्हा झकास लागला. ताई दिव्याकडं बघत म्हणाली, "परागसाहेब, नुसता दिवाच पाहिजे असता तर मी पणती लावली असती."

एवढ्यात आबा आले. ऊस त्यांचा, आणि त्यांची सून मनीषा उद्या परीक्षेला बसणाऱ्यांत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रानाकडं बघितलं आणि म्हणाले, "तोडतो."

"काय तोडता आबा?" ताईनं विचारलं.

"ऊस. समदा न्हाई, मदला पट्टा. कोयता घिऊन दहा मान्सं लावतो."

"कारखाना अजून सुरू नाही. तोडलेला ऊस वाळून जाईल."

"वाळू दे. सून वाळाय नगं."

ताईनं ऐकलं नाही. एखादा पट्टा तोडून भागणारही नव्हतं, लहरीला चांगली रुंद वाट लागते, अर्धं रान आडवं करावं लागलं असतं. आबांचं वर्षाचं पीक उभं होतं. एकच वाट उरली होती, अँटेना उसाच्या वर न्यायची. पण वस्ती खोलात. लोखंडी पाइपाचा मनोरा करायचा तर पाया, काँक्रीट, ताणाच्या तारा, आठवडा हवा. आम्ही एकावर एक दोन पाइप बांधून बघितले, ते अति आंबोण खाल्लेल्या बैलासारखे एका अंगाला कलंडले.

थकून मी देवळाच्या ओट्यावर बसलो. मान वर केली. मंडपाच्या आढ्याला आडवी, लाल कापडात गुंडाळलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत नाथाची काठी टांगलेली होती. आमच्याकडं ज्यांनी जत्रा बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काठी म्हणजे हातात धरायची काठी नव्हे. निवडक कळकाचा, म्हणजे जाड बांबूचा, दोन मजली घराच्या वर जाणारा उंच खांब. टोकाला मोरपिसांचा तुरा. चैत्रातल्या जत्रेला तो उभा करतात आणि चहूबाजूंनी दोर धरून नाचवत नेतात. माझ्या आजोळी मी स्वतः दोर धरलेला. मी उठून उभा राहिलो आणि बोट वर केलं.

आबा काठीचे मानकरी. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "दत्ता, काटी चैतात निगती. अवंदाची निगून ग्येली. आन् देवाच्या काटीला डबडं बांदायचं?"

"आबा, तुरा काढणार नाही, कापड काढणार नाही. पाटी तुऱ्याच्या खाली बांधतो."

"माज्या हातात न्हाई. नाथाला इचारावं लागंल. आन् मुलान्यालाबी."

मुलाणी म्हणजे ताईचे वडील, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. काठीचा पहिला दोर मुलाण्याचा, हा तिथला पिढ्यान्पिढ्यांचा मान. चाचांचा हात लागल्याशिवाय काठी जमिनीवरून उठतच नाही. चाचा आपल्या दारात बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "नाथ हो म्हनला तर माजा हात हाय."

आबांनी अंघोळ केली, नाथापुढं बसले, मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाच्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला इतकी धडधड परीक्षेच्या निकालालाही झाली नव्हती. परागनं माझ्या कानाशी विचारलं, "आणि दोन्ही नाही पडल्या तर?" मी म्हणालो, "तर थांबायचं. इथं चांदणी नसते." उजवी कळी पडली.

आबांनी डोळे पुसले आणि लगेच मानकऱ्याच्या आवाजात बोलायला लागले. "पर रीत सोडायची न्हाई. काटी येकदा हुबी केली की खांबाला बांदायची न्हाई, भितीला टेकवायची न्हाई. हातावर धरायची. परीक्षा किती यळ?"

"तीन तास," ताई म्हणाली.

"मग तीन तास धरायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती देवळापुढं होती. पाटी तुऱ्याखाली घट्ट बांधली, तिची वायर काठीवरून खाली ताईच्या पडवीत नेली. वीज जाईल म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली. चाचांनी पहिला दोर हातात घेतला, डोक्याला लावला आणि "नाथसाहेबाचं चांगभलं" म्हणाले. त्यामागं सगळ्यांचा आवाज उठला. काठी उठली. लाल कापड उन्हात चमकलं, मोरपिसं फडफडली आणि त्यांच्याखाली परागच्या कंपनीची पांढरी पाटी डुलायला लागली. असा मनोरा जगातल्या कुठल्याही कंपनीनं उभा केला नसेल.

मी पडवीच्या दारात लॅपटॉप घेऊन बसलो. ही पाटी बरोबर कॅफेच्या दिशेनं तोंड करून राहिली तरच बोलते, मान वळवली की गप्प. पडद्यावर एक रेघ आली. "आबा, थोडी उजवीकडं." दोन रेघा. "चाचा, तुमचा दोर ढिला सोडा. अजून. बास." चार रेघा. पाचवी आली तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो आणि आतल्या सगळ्या पोरी हसल्या. मनीषा सगळ्यात पुढच्या कॉम्प्युटरवर बसली होती.

तपासणीस साहेब जीपमधून उतरले आणि आधी काठीकडं, मग माझ्याकडं बघत राहिले. "जत्रा आहे का आज?"

"नाही साहेब," ताई म्हणाली. "ही आमची लाइन."

साहेबांनी नियमांचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं असावं. काठीबद्दल त्यात काही नव्हतं. त्यांनी घड्याळ लावलं आणि परीक्षा सुरू झाली.

पहिला तास मजेत गेला. पुरुष आळीपाळीनं दोर धरत होते, बायका पाणी देत होत्या, मी रेघा बघून ओरडत होतो आणि बाहेर माझ्या प्रत्येक शब्दावर काठी हलत होती. पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझं इतकं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या तासात ऊन चढलं. दोर धरणाऱ्यांचे तळहात लाल झाले. चाचा मात्र दोर दुसऱ्याला द्यायला तयार नव्हते. पहिला दोर मुलाण्याचाच, उगाच कुणाचा नव्हे.

परीक्षा संपत आली आणि वारा सुटला. आधी उसाचा शेंडा सळसळला, मग मोरपिसं ताठ झाली आणि मग सगळी काठीच वाकली. रेघा पाचाच्या दोन झाल्या, एक झाली आणि गेली. आत सगळे पडदे गोठले. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. ताई दारातल्या खांबाला धरून उभी राहिली.

"वाऱ्याकडच्या दोरावर या," मी ओरडलो. माणसं धावली. त्या बाजूला एक हात कमी पडत होता. मला लॅपटॉप सोडता येत नव्हता. तेवढ्यात पराग पुढं झाला. त्यानं गळ्यातला टाय ओढून काढला, तळहाताला गुंडाळला आणि चाचांच्या मागं जाऊन दोर धरला. चाचा मागं न बघता म्हणाले, "पाय रोव, पाय. पाटीला न्हाई, जमिनीला बग." परागनं बूट मातीत रोवले. काठी सरळ व्हायला लागली. हळूहळू, जणू तीही आम्हा सगळ्यांना ओळखत होती.

एक रेघ आली. दोन. आतून मनीषाचा आवाज आला, "चाललं." आणि मग एकेक करून सगळ्या पडद्यांवर पुढचा प्रश्न उमटला. साहेबांनी घड्याळावरची नजर काढली. पाच मिनिटं झाली नव्हती. किती झाली होती ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

शेवटची पोर उठेपर्यंत काठी हातावरच होती. साहेबांनी मंजुरीच्या कागदावर सही केली, बाहेर आले आणि चप्पल काढून काठीला हात जोडले. मग ताईला म्हणाले, "पुढच्या परीक्षेच्या आत एक लोखंडी मनोरा उभा करा. माझ्या समाधानासाठी." मनोरा झाला, आबांच्या रानाच्या बांधावर, आबांनीच जागा दिली. मनीषा पास झाली. तिच्यामागून त्या पडवीतून किती पोरी पास होऊन गेल्या, ते ताईलाच विचारा, तिला प्रत्येकीचं नाव पाठ आहे. चाचांच्या तळहातावरचे फोड जायला मात्र दिवाळी उजाडली, आणि ते येईल त्याला हौसेनं दाखवत होते.

पुढच्या वर्षी पराग शिरूरला आला तो नवं पत्रक घेऊन. या वेळी त्यानं ते टेबलावर टाकलं नाही, माझ्या हातात दिलं आणि खुर्चीवर बसला. पहिल्याच पानावर त्या दिवसाचा फोटो, निळ्या आभाळात मोरपिसांखाली ती पांढरी पाटी. खालची माणसं कापलेली, दोर कापलेले. ठळक अक्षरं, 'घनदाट पिकांवरूनही अखंड संपर्क.' त्यावर चांदणी. माझं डोकं तापलं. "परागशेठ, एवढं सगळं डोळ्यांनी बघून शेवटी हेच?"

"भिंग काढा ना," तो म्हणाला.

मी खण उघडला. पानाच्या तळाशी, चांदणीपुढं, इंग्रजीत एक ओळ होती. भिंग धरून दोनदा वाचली. काठी, दोर आणि माणसं सोबत मिळत नाहीत.

"मीच घातली ती ओळ, आमच्या साहेबांच्या नजरेतून सुटली," पराग म्हणाला. "तळाचं वाचतंय कोण."

ते पत्रक मी त्याच दिवशी वस्तीवर नेलं. ताईनं ते पडवीत भिंतीवर लावलं. चाचांनी फोटोजवळ जाऊन विचारलं, "आमी कुटं हाय ह्यात?"

मी बोट तळाच्या ओळीवर ठेवलं आणि ती त्यांना मराठीत वाचून दाखवली. चाचांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली.

"मान्सं म्हनलंय न्हवं?"

"म्हटलंय चाचा."

"मग झालं," ते म्हणाले, आणि चहा टाकायला सांगायला आत वळले.